कागदोपत्री

३ जून

अहो,

लग्नाला चाळीस वर्षं झाली, तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आता घटस्फोट झाला आणि लगेच पत्र. कोणाला कळलं तर म्हणतील, म्हातारीला चळ लागलाय.

वकिलानं काय बजावलंय ते विसरू नका. भेटायचं नाही, रस्त्यात दिसलो तरी ओळख द्यायची नाही. फोन तर नाहीच, कारण सवलत कार्यालयवाले फोनची बिलं मागवतात. तसंही फोनवर तुम्हाला 'हॅलो'च्या पुढे काही ऐकू येत नाही. आयुष्यभर लिफ्टच्या मोटारींशेजारी उभं राहून कानांची वाट लावून घेतलीत. पत्र मात्र कोणी फोडत नाही. वाचून झालं की फाडून टाका.

पुन्हा एकदा समजावून सांगते, नाहीतर तुम्ही कोणाला तरी भलतंच सांगून बसाल. माझ्या सांध्यांच्या इंजेक्शनचा भाव कंपनीनं पुन्हा वाढवला. आपली दोघांची पेन्शन एकत्र धरली तर आपण सवलतीच्या मर्यादेच्या जरासे वर जातो, आणि इंजेक्शन विकत घेतलं की थेट रस्त्यावर येतो. माझी एकटीची धोबीखान्याची पेन्शन धरली तर मी गरीब, आणि गरीब एकट्या म्हातारीला इंजेक्शन फुकट. म्हणून तुम्ही तिकडे आणि मी इकडे. आपलं काही बिनसलेलं नाही. हे मी तुम्हाला सांगतेय की स्वतःला, कोण जाणे.

खोली ड्रायक्लीनरच्या दुकानाच्या वर आहे. दिवसभर खालून वाफ येते आणि ओल्या लोकरीचा वास. उभा जन्म इस्पितळाच्या चादरींना इस्त्री केली, रिटायर झाले, आणि आता पुन्हा कामावर आल्यासारखं वाटतंय. फक्त पगार नाही. खिडकी एक आहे, ती रंगानं चिकटून बसलीय. बोटं अशी वळलीत की ती ढकलायची ताकद नाही. हे पत्रसुद्धा तीन बैठकांत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

निळी गोळी सकाळी, पांढरी जेवल्यावर. गॅस बंद आहे का ते हात लावून बघा, लांबून नको. चष्मा सापडला नाही तर फ्रिज उघडा.

कोर्टात कारकुनानं 'परस्परसंमतीनं' असं वाचलं आणि तुम्ही 'काऽय?' म्हणून ओरडलात, तेव्हा मला हसू आवरेना. न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं, जणू मी कोणाचं तरी घर फोडून आलेय.

तुमचीच, कागद काही का म्हणेना


११ जून

प्रिय,

याच्यापुढे काय लिहायचं ते सुचत नाही. पाकिटावर सवयीनं 'सौ.' लिहिलं, मग खोडून 'श्रीमती' लिहिलं. म्हणजे मी माझ्याच हातानं मला पोचवलं. नवं पाकीट घ्यावं लागलं.

दूध दोनदा उतू गेलं. शर्टाचं एक बटण तुटलं ते तसंच आहे. घर फार मोठं वाटतं. टीव्हीचा आवाज मी पाहिजे तेवढा वाढवतो, कोणी ओरडत नाही. पहिले दोन दिवस बरं वाटलं.

तळमजल्यावरच्या कटरबाई, गणवेशाच्या कारखान्यात कापड कापायच्या त्या, एकट्या असतात बघ, त्यांनी काल सूप आणून दिलं. मी नको म्हटलं. त्यांना ऐकू आलं नसावं.

निळी गोळी महागली. दुकानदार म्हणतो, कंपनीनं डबी बदलली म्हणून भाव बदलला. डबी खरंच छान आहे. मी एक दिवसाआड घेतो. तू काळजी करू नकोस, माझ्या छातीला काही होत नाही.

इंजेक्शन कधी मिळतंय ते कळव.

मी


२ जुलै

अहो,

मिळालं! परवा नर्सनं पोटात सुई टोचली आणि आज सकाळी मी कप एका हातानं उचलला. भरलेला! मग उगाचच खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. जिने उतरताना कठड्याला लटकावं लागलं नाही. खिडकीही ढकलून बघितली, ती काही हलली नाही. पण निदान ढकलली. अक्षर बघताय ना? एका बैठकीत लिहितेय.

गेले काही महिने मी सुया लांबवत होते ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, तुम्ही चिडाल. आता तुम्ही गोळी एक दिवसाआड घेता म्हणून मी कोणत्या तोंडानं चिडू? तरी चिडतेच. रोज घ्या.

कामाचं ऐका. तपासनीस बाई माझ्याकडे येऊन गेली, आता तुमच्याकडे येईल. बुटकी आहे, बोलते गोड, पण नजर सारखी कपाटाकडे. इथे तिनं कप मोजले, टूथब्रश बघितला, उशीवरचे केससुद्धा बघितले. घरात माझं काही दिसता कामा नये. कपडे, चपला, सगळं हलवा. आणि का वेगळे झालात असं विचारलं तर 'पटत नव्हतं' एवढंच सांगा. पाल्हाळ लावू नका. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, चेहऱ्यावर लगेच दिसतं.

तुमचीच


२१ जुलै

प्रिय,

येऊन गेली. सगळं नीट पार पडलं.

तुझे कपडे आदल्या दिवशीच कटरबाईंकडे नेऊन ठेवले. दोन पिशव्या भरल्या. निळा कोट त्यांना खांद्यात घट्ट होत होता, तो त्यांनी उसवून सैल करून घेतला. नुसता पडून खराब झाला असता.

तपासनीस बाईनं विचारलं, 'काका, एवढ्या वर्षांनी का?' मी म्हटलं, पटत नव्हतं. तेवढ्यावर तिचं समाधान होईना. पेन उघडून बसली. 'म्हणजे नक्की काय पटत नव्हतं?' खोटं पचायला पाहिजे म्हणून मी म्हटलं, ती फार बोलते. तिनं लिहून घेतलं. मग म्हटलं, माझं वाक्य नेहमी तीच पुरं करते, आणि चुकीचं पुरं करते. तेही लिहिलं. मग मी सांगितलं की माझा कामावरचा जोडीदार लिफ्टच्या खड्ड्यात पडून गेला, त्या आठवड्यात मी जेवायला बसलो की रडू यायचं, तेव्हा तू म्हणालीस, 'पुरे आता, ताट उचलायचंय.' आणि हेही सांगितलं की मला ओठ वाचता येतात. तुला ते माहीत नाही. मी रिटायर झालो त्या दिवशी हॉलमध्ये सगळे टाळ्या वाजवत होते आणि तू तुझ्या बहिणीला म्हणालीस, 'आता हे लोढणं दिवसभर गळ्यात.' मला लांबून दिसलं.

चहा गार झाला तरी ती लिहीत होती. जाताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, 'काका, कसं हो सोसलंत?'

तुझा अर्ज आता पक्का असं समज. पण ती गेल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून होतो. सांगितलं त्यातलं बनवलेलं कोणतं, ते शोधत होतो. सापडलं नाही.

तू मनावर घेऊ नकोस. इंजेक्शनासाठीच बोललो.

मी


२७ जुलै

अहो,

मनावर कशाला घेऊ? छान वठवलंत. मीच म्हणत होते तुम्हाला खोटं बोलता येत नाही. तोंडघशी पडले.

फक्त एवढंच सांगते की त्या आठवड्यात ताट उचलून मी पहाटेच्या पाळीला जात होते. तुम्ही रडत घरी बसलात तेव्हा घर कोणीतरी चालवायला लागत होतं. आणि लोढणं म्हटलं असेल. तुम्ही सकाळपासून माझ्या मागे-मागे फिरून कुकरची शिट्टी किती वेळा झाली ते सांगणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. नंतर तसंच झालं की नाही? तुम्हाला शिट्टी तर ऐकूसुद्धा येत नव्हती.

ओठ वाचता येतात हे मात्र चांगलं लपवलंत. इतकी वर्षं मी समोर बसून तोंडातल्या तोंडात काय-काय बोलले असेन! आणि तुम्ही आपले शांतपणे घास चावताय. माणूस एकाच घरात राहून हेर असू शकतो, हे मला म्हातारपणी कळलं.

आता माझंही ऐका. तुमच्याकडून ती पुन्हा माझ्याकडे आली आणि मलाही कारण विचारलं. 'पटत नव्हतं' म्हटलं तर ती हसली, म्हणाली, 'मावशी, न पटता लोक शंभर वर्षं राहतात.' मग काहीतरी ठोस द्यायला पाहिजे होतं. मी सांगितलं की तुमचं आणि कटरबाईंचं जमलंय. पटलं तिला! सांगताना मला हसू फुटत होतं, ते मी पदराआड रडतेय असं तिला वाटलं. तुम्ही आणि कटरबाई! त्या बाईला मिशी आहे, आणि तुम्हाला रात्री नाकात तेल घातल्याशिवाय झोप येत नाही. पण कार्यालयाला एवढं कुठे कळतंय? तिनं दोन ओळी खाली रेघ मारून लिहून घेतलं.

कोट मला हवा होता. असो.

तुमची


१४ ऑगस्ट

तू काय करून ठेवलंस याची तुला कल्पना आहे का?

तपासनीस बाई पुन्हा आली आणि कटरबाईंना जिन्यातच गाठलं. वरचे-खालचे सगळे दारात उभे राहून ऐकत होते. 'यांच्या संसारात तुम्ही कधीपासून आहात?' असं विचारलं. ज्या बाईच्या उंबऱ्यावर आजवर कोणी पुरुष उभा राहिला नाही, तिला! तिनं उत्तर दिलं नाही. नाही म्हणाली असती तर तू खोटी पडली असतीस आणि तुझी सुई बंद झाली असती. हे तिला कळलं होतं, मी तिला योजनेचं सगळं सांगितलं होतं. म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. तुझ्यासाठी. ज्या बाईच्या मिशीवर तू हसलीस तिनं हे केलं.

मी माफी मागायला खाली गेलो. ती आधी रडली. म्हणाली, 'माझ्याबद्दल असं कोणाला वाटेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.' मग जरा वेळानं हसली.

दुपारभर तिथेच बसलो. ती हळू बोलते आणि तोंड माझ्याकडे करून बोलते. मला शब्दन् शब्द कळतो. 'काय?' असं एकदाही म्हणावं लागलं नाही.

तुझी गोळ्यांची आठवण करून देणारी पत्रं पुरे झाली. मी घेतो गोळ्या.


१ सप्टेंबर

अहो,

चुकलं माझं. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. खरंच सांगा. तोंडाला हाड नाही माझ्या, हे तुम्हाला नवीन आहे का?

इथे ठीक आहे. मी ड्रायक्लीनरला म्हटलं, कॉलरवर अशी इस्त्री फिरवशील तर गिऱ्हाईक जाईल. त्यानं माझ्या हातात इस्त्री दिली. एक शर्ट करून दाखवला. वर्षानंतर एक आख्खा शर्ट. तुम्ही बघायला पाहिजे होतं.

पत्र लिहा. रागाचं लिहिलंत तरी चालेल.

तुमची


४ नोव्हेंबर

अहो,

ऑक्टोबरात दोनदा लिहिलं, उत्तर नाही. पण आता मी रागावलेली नाही, कारण परवा तुम्हाला डोळ्यांनी बघितलं!

दवाखान्यात बाकावर बसले होते, आणि समोरून तुम्ही. आधी धस्स झालं, छातीला काही झालं की काय. मग बाजूला कटरबाई दिसल्या, माझा निळा कोट घातलेल्या, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इंजेक्शनाला त्या वारी येते हे तुम्हाला ठाऊक. मला बघायचं म्हणून आलात, आणि कोणी पाळत ठेवून असेल तर संशय नको म्हणून त्यांना बरोबर आणलंत! वर माझाच कोट घालून. तपासनीस बाईनं लिहून घेतलेलं सगळं एका फटक्यात खरं वाटावं असं. तुमच्या डोक्यात एवढं येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आणि काय नट आहात हो! माझ्यावरून नजर अशी फिरवलीत, जशी रिकाम्या खुर्चीवरून फिरवतात. मी मुद्दाम काठी पाडली. म्हटलं, बघू वाकतात का. तुम्ही हललासुद्धा नाहीत. शेवटी त्या बाईंनीच उचलून दिली. त्या मात्र कच्च्या आहेत, काठी उलटीच हातात दिली त्यांनी.

कोट त्यांना शोभतो. हे मी चिडून लिहीत नाहीये.

तुम्ही बारीक झालात. दाढी कोण करतं? गालावर कापलेलं एकही दिसलं नाही.

एक मागू? पुढच्या वेळी अभिनय थोडा कमी केलात तरी चालेल. नुसत्या पापण्या मिटल्यात तरी मला कळेल.

तुमचीच


२० नोव्हेंबर

तू तिथे असशील हे माहीत नव्हतं.

थंडी वाढलीय, तब्येत सांभाळ. पत्रं जरा कमी लिही. पोस्टमनची कार्यालयात ओळख आहे असं ऐकलं.


१० जानेवारी

अहो,

धीर धरवत नाही म्हणून पोस्टमनची भीड न ठेवता लिहितेय. आजचं वर्तमानपत्र बघितलंत का? सवलतीची मर्यादा वाढली! जोडप्यांनासुद्धा! मी कार्यालयात जाऊन खिडकीवर विचारून आले. तो माणूस म्हणाला, 'आजी, नवऱ्याची पेन्शन धरली तरी तुम्ही बसता.' मी म्हटलं, 'पण मला नवरा नाही ना,' आणि असं हसले की त्यानं मला पाणी दिलं.

म्हणजे संपलं. मी घरी येऊ शकते. वकिलाला विचारलं, तो म्हणतो पुन्हा लग्न नोंदवायचं, दोन साक्षीदार आणि एक सही. या वयात नवरीला नटायचं! कटरबाईंना साक्षीदार करू, त्यांचं तेवढं ऋण आहे आपल्यावर. कोटही त्यांनाच राहू दे, नवा शिवू.

खोलीवालीला सांगून टाकलंय, महिनाअखेर सोडते. सामान फारसं नाही. ड्रायक्लीनर हातगाडी देतो म्हणालाय.

या महिन्यांत मी पुष्कळ विचार केला. ओठांचं, ताटाचं. मला वाटतं मी आता थोडी हळू बोलेन. तोंड तुमच्याकडे करून. जमेल मला, इथे कोणाशी बोलायचंच नसतं त्यामुळे सवय मोडलीय.

पहिल्या तारखेला येते. जिन्याखाली उभे राहा.

तुमचीच


२६ जानेवारी

तुझं पत्र मिळालं. उत्तर लिहायला वेळ लागला कारण कसं लिहायचं ते ठरत नव्हतं. ती म्हणाली, सरळ लिहा, घुमवून-फिरवून लिहिलेलं जास्त लागतं.

येऊ नकोस. डिसेंबरात आम्ही लग्न नोंदवलं.

आधी कारण ऐक. सप्टेंबरात माझ्या छातीत दुखलं. ती मला घेऊन इस्पितळात गेली. तुला कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस आणि तुझी सवलत गेली असती. डॉक्टर म्हणाले, दोन नळ्या तुंबल्यात, जाळी बसवायला पाहिजे. खर्च ऐकून मी घरी परत आलो. दवाखान्यात तू मला बघितलंस तेव्हा मी त्यांनाच विचारायला गेलो होतो की गोळ्यांवर किती दिवस निभेल. नाटक करत नव्हतो. तुझ्याकडे बघून बोलावं एवढा दम नव्हता.

तिच्या कारखान्याचं कार्ड आहे. रिटायर झालेल्यांना आणि त्यांच्या जोडीदाराला सगळे उपचार. तीच म्हणाली, 'कागदावर तर आपलं नाव आधीच जोडलेलं आहे, सही केली तर बिघडलं कुठे?' जाळी बसली. निळी गोळी आता रोज घेतो, कार्डावर मिळते. कानाचं यंत्रही मिळालं.

तू म्हणशील, मग हेही कागदावरचंच, जसं आपलं तोडणं कागदावरचं होतं. मीही पहिले काही दिवस स्वतःला तेच सांगितलं. पण तसं नाही. मला इथे बरं वाटतं. हे तुला लिहिताना हात जड झालाय, पण खोटं लिहून तुला आशेवर ठेवणं त्याहून वाईट. आपलं तुटलं नव्हतं असं तू म्हणतेस. आपण ते तपासलं नव्हतं, एवढंच. माझं अर्धं आयुष्य लिफ्ट तपासण्यात गेलं. वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारी लिफ्ट उघडून बघितली की कधीकधी दोर एका तारेवर लोंबत असतो.

सोबत एक कागद आहे. हक्कसोडपत्र. घरावर तुझा काही दावा नाही असं. घराला तिचं नाव लावायचंय. मी आधी गेलो तर तिला कोणी बाहेर काढू नये. ज्या बाईनं माझ्यासाठी एवढं केलं तिची तेवढी सोय व्हायला हवी. फुली केली आहे तिथे सही कर.

खोली सोडू नकोस. खोलीवालीशी बोल, ऐकेल.


१२ फेब्रुवारी

तुमचं पत्र आणि कागद मिळाला.

आधी वकिलाकडे गेले. तो तरुण आहे, त्याचं रक्त उसळलं. म्हणाला, 'आजी, सही करू नका. अर्ध्या घरावर तुमचा हक्क लागतो, मी मिळवून देतो, त्यांना नाकी नऊ आणू.' मला दोन दिवस फार गोड वाटलं ते. घराचे दोन भाग करायचे, मधे भिंत घालायची, आणि तिकडे तुम्ही दोघं हळू आवाजात बोलत असताना मी इकडे भांडी आपटायची. चांगली दणादण. यंत्रही आहे आता तुमच्या कानात.

मग मी सवलत कार्यालयाच्या खिडकीवर गेले. तोच माणूस. विचारलं, अर्धं घर नावावर झालं तर? तो म्हणाला, 'मग तुम्ही मालमत्तावाल्या. सवलत बंद. घर विका आणि इंजेक्शन घ्या.' 'आणि घराचे पैसे संपले की?' 'मग या परत,' म्हणाला. वाईट नव्हता माणूस, त्याला तसंच लिहून दिलेलं आहे.

म्हणजे हक्क घेतला तर हात जातात आणि हात ठेवले तर हक्क जातो. मी हात ठेवले.

कागद घेऊन मी स्वतःच आले होते, शनिवारी सकाळी. वाटलं, सही तुमच्यासमोर करावी आणि तुमचं तोंड बघावं. दार त्यांनी उघडलं. हातात कात्री होती, गळ्यात टेप. मला बघून त्या इतक्या मागे सरकल्या की भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, 'या ना, बसा.' माझ्या खुर्चीवर बसले. 'साखर किती घेता?' असं त्यांनी मला विचारलं. माझ्याच डब्यातली साखर. मी दोन चमचे म्हटलं. मी बिनसाखरेचा घेते, पण खरं सांगून त्यांना माझ्याविषयी काही कळू द्यावं असं वाटलं नाही.

तुम्ही आतल्या खोलीत होतात. रेडिओ चालू होता, बारीक आवाजात, शेजाऱ्यालाही कळू नये इतक्या बारीक. त्यात कोणीतरी काहीतरी गंमत केली आणि तुम्ही हसलात. पोटातून. मी चहा तसाच ठेवला. असं तुम्ही माझ्याबरोबर कधी हसला होतात का, ते आठवायला लागले. मग आठवणं थांबवलं, कारण सापडलं असतं तरी काय उपयोग आणि सापडलं नसतं तर जिना उतरता आला नसता.

त्या म्हणाल्या, 'बोलावू का त्यांना?' मी म्हटलं, 'नको, हसू दे.' दारापर्यंत सोडायला आल्या आणि कोट काढून द्यायला लागल्या. घरातसुद्धा घालतात वाटतं. मी घेतला. खांद्यात सैल झालाय, आणि त्यांच्या अंगाचा वास येतो. येताना वाटेत ड्रायक्लीनरकडे टाकला. घालणार नाही मी तो. त्यांच्याकडे राहू नये म्हणून घेतला. माझा स्वभाव असा आहे, तुम्ही कार्यालयात लिहूनही दिलेलं आहे.

खोलीवालीनं खोली दिली, पण भाडं वाढवून. म्हणाली, दुसरं गिऱ्हाईक परत पाठवावं लागलं. वाढीव भाड्यासाठी मी सकाळच्या वेळी खाली कॉलरी आणि बाह्या करते. ते कार्यालयाला सांगायचं नाही, सांगितलं तर तेवढ्यानं मी पुन्हा मर्यादेवर जाते.

सही केली आहे. फुलीच्या वर, स्वच्छ, एका दमात. मोकळ्या झालेल्या बोटांनी केलेली महत्त्वाची अशी हीच पहिली सही. ती बघून तुम्हाला काही वाटावं म्हणून लिहीत नाही. कागद त्यांच्या हातात द्या, जपून ठेवतील. तुम्ही फ्रिजमध्ये ठेवाल.

काल इंजेक्शनाचा दिवस होता. नर्स नवीन होती. सुई टोचायच्या आधी तिनं विचारलं, 'आजी, काही झालं तर कोणाला कळवायचं?' याआधीच्या नर्सलाही मी 'कोणी नाही' असंच सांगायचे, पण सांगताना आवाज कापायचा, पकडलं जाऊ म्हणून. काल अजिबात कापला नाही. तिनं लिहून घेतलं, मला चुकून बाही सरकवताना बघितलं आणि म्हणाली, 'बाही वर करू नका, पोटावर द्यायचंय.'